मधल्या कुपीतला उन्हाळा

चैत्रात कडुलिंबाला फुलं येतात. नगरच्या सावेडीत मी जिथं खोली घेऊन राहतो, तिथं फाटकाजवळ एक जुना लिंब आहे. सकाळी अंगणभर बारीक पांढरा सडा पडलेला असतो. घरमालकीण काकू तो झाडता झाडता म्हणतात, "काय गोड वास सुटलाय, नाही रे!" मी हो म्हणतो. वास खरंच गोड असतो. पण गेल्या वर्षापासून तो आला की मी खिडकी लावून घेतो. लिंब फुलला म्हणजे ऊन चढायला लागलं, आणि आई अजून उसाच्या फडात आहे, एवढंच डोक्यात येतं.

आम्ही पाथर्डीकडचे. दिवाळी सरली की गावातल्या कितीतरी दारांना कुलपं लागतात आणि माणसं ऊस तोडायला कारखान्यांकडं निघतात. आमच्यात नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. कोणी विचारलं, तुमच्या घरचे किती कोयते, तर उत्तर जोड्यांमध्ये द्यायचं. माझे आई-आबा म्हणजे एक कोयता. मी त्यातला कोणीच नाही. मी घरातला पहिला कॉलेजात गेलेला. भूशास्त्र घेतलं तेसुद्धा भूगोलासारखंच काहीतरी असेल असं वाटून. पहिल्या महिन्यात चूक कळली, पण तोपर्यंत दगड आवडायला लागले होते.

आमच्या जिल्ह्यात कुठंही खणा, काळा दगड लागतो. तो लाव्ह्याचा. आगीतून झालेला दगड, त्यात जीवाश्म जवळजवळ सापडत नाहीत. म्हणून गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेख मॅडमनी समुद्राकाठच्या एका संशोधन संस्थेतल्या मैत्रिणीकडून काचेच्या तीन छोट्या कुप्या मागवल्या. खोल समुद्राच्या तळातून काढलेला, धुऊन वाळवलेला गाळ होता त्यांत. मी तोवर समुद्र पाहिला नव्हता. अजूनही पाहिलेला नाही. माझ्याआधी त्याचा तळच माझ्याकडं आला.

"ही खालच्या थरातली, ही मधल्या, ही वरच्या," मॅडम कुप्या ओळीनं ठेवत म्हणाल्या. "प्रत्येकीतली कवचं वेचायची आणि स्लाइडवर चिकटवायची. बोलायचं कमी, शिंकायचं तर अजिबात नाही."

काळ्या ट्रेवर चिमूटभर गाळ पसरला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, फोकस फिरवला. आधी नुसतं धुकं. मग एकदम कवचंच कवचं. काही ज्वारीच्या लाहीसारखी फुगीर, काही गोगलगाईसारखी वळलेली, काही मणी ओवल्यासारखी एकापुढं एक. फोरॅमिनिफेरा असं मोठं नाव त्यांचं, आम्ही नुसतं फोरॅम म्हणायचो. एका पेशीचा जीव, पण घर चुन्याचं, वाढेल तशी एकेक खोली बांधत नेलेलं. तो मेला की घर तळाशी जाऊन बसतं. त्यावर दुसरं. असं लाखो वर्षं चालतं. मॅडम म्हणाल्या की त्या चुन्यात त्या वेळच्या पाण्याची खूण राहते. पाणी किती ऊन होतं, हे त्यावरून काढता येतं. मला ते खरं वाटेना. एवढ्याशा कणाला एवढं कसं लक्षात राहत असेल?

"आणि या मधल्या कुपीत एक संकट आहे," त्या म्हणाल्या. "साधारण साडेपाच कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी एकाएकी तापली."

"एकाएकी म्हणजे किती दिवसांत, मॅडम?" ऋतुजानं विचारलं. ती माझ्या शेजारच्या सूक्ष्मदर्शकावर असायची.

"काही हजार वर्षांत."

वर्गात हसू फुटलं. मॅडम हसल्या नाहीत. "हवेत कार्बन वाढला, समुद्रानं तो प्यायला, पाणी आंबट झालं. तळाची चुन्याची कवचं विरघळून गेली. पांढऱ्या गाळाच्या जागी तांबूस माती उरली. तळाशी राहणाऱ्यांपैकी कितीतरी जाती कायमच्या संपल्या. त्याला हजारो वर्षं लागली म्हणून तुम्हाला हसू आलं. आज आपण जे चालवलंय, त्याचा वेग त्याहून जास्त आहे."

पंखा फिरत होता. बाहेर कोणाचीतरी गाडी चालू होत नव्हती. मी मधली कुपी उजेडाकडं धरली. आमच्या रानातल्या मुरमासारखाच रंग होता तिचा.

आईचा फोन दुपारी यायचा, कोपीत टेकल्यावर. कोपी म्हणजे पाचटाची, उसाच्या वाळल्या पाल्याची, नि बांबूची, दार ओणवं होऊन ओलांडायची झोपडी. त्या वर्षी त्यांची टोळी बेलापूरकडं होती.

"काय करतो रं?"

"समुद्रातला चिखल बघतोय."

"समिंदराचा चिखल? नगरात?"

"कुपीतनं आणलाय. त्यातले जीव वेचायचे."

"जित्ते?"

"मेलेले. साडेपाच कोटी वर्षांपूर्वी."

 ती म्हणाली, "लई लवकर निघालास की बघायला." आणि स्वतःच्याच बोलण्यावर इतकी हसली की तिला ठसका लागला. मागून आबांचा आवाज आला, "आगं, पोराला अभ्यास करू दे." ठसका थांबेना. कोरडा, लाकूड घासल्यासारखा. तेव्हा मी त्याकडं लक्ष दिलं नाही.

त्या वर्षी ऊस फार होता. एरवी लिंब फुलायच्या सुमाराला कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे गाळप थांबतं, आणि माणसं बैलगाड्या घेऊन गावाकडं वळतात. त्या वर्षी पट्टा पडेना. उभा ऊस तसाच उभा, आणि ऊन रोज थोडं आणखी पुढं सरकत होतं. एका रविवारी मी श्रीरामपूरची एसटी धरली आणि तिथून बेलापूरला उतरून फडावर गेलो.

फड तोडून होत आला होता. बराच भाग मोकळा, नुसतं पाचट, आणि पलीकडं उसाची हिरवी भिंत. आई लांबून ओळखूच आली नाही. साडीवर आबांचा फुल बाहीचा शर्ट, डोक्याला फडकं, त्यात तोंड कुठलं ते दिसेना. जवळ गेल्यावर पहिल्यांदा जाणवलं की शर्ट आबांचा आहे म्हणून सैल नाही. ती आत कमी झाली आहे.

तिनं ड्रममधून तांब्याभर पाणी घेतलं. चूळ भरली, थुंकली, उरलेलं मानेवर ओतलं.

"पी की."

"पेले मघाशी."

"मी आल्यापासून तर नाही प्यालीस."

ती इकडंतिकडं बघून हळू म्हणाली, "पानी पेलं का मंग जावा लागतं. कुठं जायाचं? बघ, समदा फड उघडा झालाय. सकाळी ऊस हुता तवा आडोसा हुता. आता कोयता जसा फुडं सरकतो तसा आडोसा सरकतो. तिकडच्या बाजूला गडीमान्सं हायेत."

 मी पाचटाकडं बघत राहिलो. तिलाच वाटलं की मला अवघडलं, म्हणून तिनं विषय फिरवला. भाकरी सोडली. माझ्यापुढं दोन ठेवल्या, स्वतः अर्धी घेतली.

"एवढीच?"

"आता कमीच लागतं मला," ती म्हणाली. जरा अभिमानानंच म्हणाली. "आंगाला सवय झाली. कमी पानी, कमी भाकर. तुझ्या आबाला इचार, काम काय कमी हाय का माजं?"

"न्हाई बा," आबा म्हणाले. "माज्यापेक्षा मोळी मोठी बांधती."

मी नगरला परतलो आणि मधली कुपी उघडली. वेचण्याचं काम मला जमायचं, त्याचं कारण आई. तिला मुलगी नाही, म्हणून लहानपणी कोपीपुढं बसून धान्य निवडायचं काम माझ्याकडं असे. ताटात बाजरी पसरायची, खडे आणि किडके दाणे काढायचे, बारीक पोचट असतील ते एका कडेला आणायचे आणि हलकी फुंकर मारायची. फोल उडून जातं, टपोरं धान्य राहतं. मी तसंच केलं. ओल्या ब्रशच्या टोकानं मोठी, अखंड, सुंदर कवचं उचलली. तांबूस मातीचे कण बाजूला सारले. एकदम बारीक, फिकट, रेतीच्या चुऱ्यासारखी जी होती, ती कडेला आणली आणि सवयीनं फुंकर मारली.

ऋतुजानं डोळे मोठे केले. "काय रे, खिचडी टाकायचीय का?"

मॅडमनी माझी स्लाइड पाहिली. मग खालच्या थराची पाहिली. परत माझी पाहिली. "अंकुश, तुझ्या स्लाइडवर काही घडलेलंच नाही."

"म्हणजे, मॅडम?"

"ही मोठी कवचं या थरातली नसणारच. चिखलात बिळं करणारे प्राणी असतात, त्यांनी खालच्या थरातून वर उकरून आणलेली असतील. या थरात खरे राहणारे कुठं आहेत? बारीक, फिकट?"

"ते... फोल समजून फुंकले, मॅडम."

सगळे हसले. मॅडमही हसल्या, मग त्यांनी खुर्ची ओढली आणि कुपीत तळाशी उरलेला गाळ स्वतः ट्रेवर घातला. "हे बघ. हेच वाचलेले. पाणी तापलं की अंगाची भूक वाढते, आणि त्याच वेळी वरून तळापर्यंत येणारं अन्न घटलं असावं. अशात मोठा देह परवडत नाही. ज्यांना कमी लागलं, जे लहान राहिले, ते टिकले. बाकीचे गेले."

मी डोळा लावला. बारीक, पातळ भिंतींची, कशीबशी दोन-चार खोल्या बांधलेली घरं. आणि माझ्या कानात आईचा आवाज आला, तो अभिमान असलेला: आता कमीच लागतं मला.

त्या क्षणाची भीती मला नीट सांगता येत नाही. मी मोठ्या विचारांचा माणूस नाही. पृथ्वी तापते आहे, हे मी शाळेपासून वाचत आलो. निबंधही लिहिला होता, बक्षीसही मिळालं होतं. त्यात बर्फ होता, अस्वलं होती. आमच्या गावात दोन्ही नाहीत. त्या दुपारी पहिल्यांदा वाटलं की मी जे बघतोय ते फार जुनं नाही. कमी खाऊन, कमी पिऊन, आकसून तग धरण्याला आपल्याकडं काटकपणा म्हणतात. आईला सगळे काटक म्हणतात. मीही म्हणायचो. पण काचेखालचे ते जीव काटक होते की मरत आलेले होते, हे कोण सांगणार? कवचाकडं बघून एवढंच कळतं की ऊन पोचलं होतं, अगदी समुद्राच्या तळाशी, जिथं उजेडसुद्धा पोचत नाही.

नंतरच्या दिवसांत प्रॅक्टिकलची परीक्षा, लिंबाची फुलं आणि भीती हे सगळं एकत्र कालवलं गेलं. फॅनखाली घाम यायचा. पेपरात रोज पारा छापून यायचा, तो मी आधी बघायचो. आईला फोनवर म्हणायचो, पाणी पी. ती म्हणायची, व्हय, पेते. हे "व्हय" खोटं आहे, हे मला कळायचं आणि मला कळतं हे तिला.

तोंडी परीक्षा देऊन बाहेर आलो तर आबांचे बरेच फोन येऊन गेलेले. "काय न्हाई," ते म्हणाले. "तुजी आई जराशी पडली. चक्कर. लिंबूपानी दिलंय. तू येऊ नको." येऊ नको म्हणाले म्हणूनच मी गेलो.

बेलापुरातल्या एका छोट्या दवाखान्यात ती पडली होती. सलाईन चालू. पाय आवळून येत होते, ओठांना पांढऱ्या भेगा. मुकादम बबनराव, ज्यांच्या टोळीत ते होते, दाराशी मोबाईल बघत उभे. आबा भिंतीला टेकून.

"मावशी, पाणी का पीत नाही तुम्ही?" तरुण डॉक्टरांनी विचारलं.

"पेते की."

"लघवीला कधी गेला होता शेवटचं?"

आईनं तोंड भिंतीकडं फिरवलं. आबांनी खाली पाहिलं. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.   आमच्यात पोरानं आईविषयी असलं बोलणं म्हणजे जीभ झडावी असं आहे. तरी मी बोललो. फडावर आडोसा नसतो म्हणून ती दिवसभर पाणी पीत नाही, टोळीतल्या कितीतरी बायका पीत नाहीत, असं सगळं एका दमात सांगून टाकलं.

"आरं ए," बबनराव म्हणाले, "शिकलेला ना तू? चारचौघांत काय बोलतो आईचं?"

"खरं हाय त्याचं," आबा म्हणाले. इतक्या हळू, की बबनरावांनी "काय?" असं विचारलं. "खरं हाय म्हनलं. उद्यापून फडाच्या मधी चार सऱ्या उसाच्या उभ्या ठिवायच्या. शेवटाला तोडायच्या. बायांसाठी."

"मालक वरडंल."

"वरडू दी. तोडनारच हाये की. पळून चाल्लाय का ऊस?"

डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले. किडनीवर ताण आलाय, म्हणाले. या वेळी निभावलं. असेच उन्हाळे काढले तर पुढं काय होईल ते मी सांगू शकत नाही.

चार सऱ्या उभ्या राहिल्या. टोळीतल्या बायकांनी त्या आडोशाला 'अंकुशाचा बंगला' नाव ठेवलं. मी भेटायला गेलो की त्या एकमेकींना मोठ्यानं म्हणायच्या, "चला गं, बंगल्यावर जाऊन येऊ," आणि मी कानापर्यंत लाल व्हायचो. आईसुद्धा तोंडाला पदर लावून हसायची. उरलेल्या दिवसांत ती पाणी प्यायली. मग एकदाचा पट्टा पडला.

मला वाटलं होतं की आता ती जाणार नाही. दिवाळीत मी हट्ट धरला. आबा म्हणाले, मी एकटा जातो, अर्धा कोयता म्हणून. पण अर्ध्या कोयत्याला जोडीदार लागतो, आणि तो मिळाला नाही. जोडी पुरी नसली तर टोळीत जागा नाही. आईनंच पेटी भरली. "मी न्हाई गेले तर ह्यो घरी बसन्," ती म्हणाली. "आन् हितं घरी का गारवा हाय?" 

आता पुन्हा लिंब फुललाय. पुन्हा ती दोघं बेलापूरकडंच आहेत. मी तिला आता 'जेवलीस का' असं विचारत नाही. पाणी किती प्यालीस, जाऊन आलीस का, असं विचारतो. सुरुवातीला ती फोन ठेवून द्यायची. आता सांगते, शाळेतल्या पोरीसारखं. आणि मी तिच्या बोलण्यातली जीभ ऐकतो. जीभ कोरडी असली की शब्द टाळूला चिकटून सुटतात. एवढं मला आता ओळखता येतं.

आज सकाळी प्रयोगशाळेत जायच्या आधी तिचा फोन आला. अजून दहाही वाजले नव्हते, तरी खिडकीच्या गजाला हात लावता येत नव्हता. मागं कोयत्यांचे आवाज होते.

"ते तुजे समिंदरातले रं," दिवाळीत मी सांगितलेलं आठवून ती मध्येच म्हणाली, "ते बारके झालेले. ऊन सरल्याव मोठे झाले का पुन्यांदा?"

मला वाटलं, हो म्हणावं आणि थांबावं. पण त्या एकाच खोट्या "व्हय"वर आम्ही एवढे दिवस काढले होते. "मोठे आले, आई. पण लाखाहून जास्त वर्षं लागली सगळं निवायला. आणि जे संपले होते ते नाही आले. दुसरेच आले."

"दुसरेच?"

"हां."

 "मंग त्या गेलेल्यांना काय उपेग?"

"काही नाही."

"हं," ती म्हणाली, आणि त्या एवढ्याशा आवाजात जीभ टाळूला चिकटली.

"आई, बंगला उभा आहे का आज?"

"सकाळीच तोडला. शेवटची गाडी भरायची हुती."

"मग आधी पाणी पी. आत्ता. मी फोन धरून थांबतो. आडोशाचं आबांना बघू दे, चादर धरू दे, काहीही करू दे. तू पी."

"लई आगाव झाला तू," ती म्हणाली. पण फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. ड्रमचं झाकण वाजलं. तांब्या बुडाला. मी कान लावून उभा होतो. घोट ऐकू आला. मग दुसरा. मग बराच वेळ काही नाही, फक्त वारा पाचटातून जाताना करतो तसली कुजबूज. मी आई म्हणून हाक मारली. ती लांब गेली असावी. फोन बंद करायचं तिच्या लक्षात राहिलं नव्हतं.

मग कोयता सुरू झाला. खट्, आणि ऊस आडवा पडल्याची सळसळ. खट्, सळसळ. तो तिचाच कोयता आहे की दुसऱ्या कोणाचा, हे मला इथून ओळखता येत नाही. प्रॅक्टिकलची वेळ होत आली आहे. खट्. मी जोड्यात पाय घालतो आणि तसाच उभा राहतो. मध्ये आवाज थांबला, की मी फोन कानावर आणखी दाबून धरतो.